एका अर्जावर एकच वही

३ सप्टेंबर

चि. लिंबूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा वाढदिवस नाही आणि इथे कुणी गेलेलंही नाही, तरी आत्याचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. काम आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. फोन का केला नाही म्हणशील. टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडली, त्यात माझे दोन्ही कान गेले. समोरचा काय बोलला ते आता मला तीनदा विचारावं लागतं, आणि ही गोष्ट तीनदा बोलण्यासारखी नाही.

मला माझ्या लग्नाच्या नोंदीची नक्कल हवी आहे. चौतीस वर्षांपूर्वी, ११ फेब्रुवारीला, तुमच्या गावच्या विवाह नोंदणी कार्यालयात तुझ्या आतोबांचं आणि माझं लग्न झालं. तीन साक्षीदारांनी सह्या केल्या, सगळं त्याच दिवशी उरकलं आणि संध्याकाळच्या गाडीने आम्ही इकडे आलो. मूळ दाखला काचकारखान्याच्या वसाहतीत खोली मिळवताना दिला होता. तो परत आला नाही. पुढे कारखानाच बंद पडला.

आतोबा सात महिने शुश्रूषागृहात आहेत हे तुला माहीत आहे. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. त्यांना आणलं त्या दिवशी मी स्वतः पाय मोडून पडले होते, म्हणून भरतीच्या अर्जावर त्यांच्या मुलाने सही केली. पहिल्या बायकोचा मुलगा. ती गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता, आजोळी वाढला. आता शुश्रूषागृहाच्या लेखी जवळचा नातेवाईक तो, आणि मी कुणी नाही. मी यांना घरी न्यायचं म्हणते तर अधीक्षक बाई म्हणतात, कागद आणा. चौतीस वर्षं एका ताटात जेवलेली बाई समोर उभी असते, ती त्यांना दिसत नाही. कागद दिसतो.

तुझ्या बाबांना यातलं काही सांगू नकोस. माझ्या लग्नाला ‘मी उभा राहणार नाही’ असं म्हणालेल्या माणसाकडे मला त्याच लग्नाचा पुरावा मागायचा नाही.

तुझी,
आत्या

१२ सप्टेंबर

प्रिय आत्या,
सा. न.

प्रयोगशाळेत सकाळी साठ लोकांचं रक्त काढून, अर्धी रजा टाकून बुधवारी त्या कार्यालयात गेले. तीन खिडक्या आहेत, एक उघडी. बसायला एक खुर्ची, तिचा पाय तारेने बांधलेला. त्यामुळे सगळे उभेच राहतात.

खिडकीतल्या माणसाला मी मनातल्या मनात शिक्केवाले असं नाव ठेवलंय, कारण बोलताना ते रिकाम्या टेबलावरसुद्धा शिक्का आपटत असतात. मी अर्ज मागितला. त्यांनी विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण आणि नक्कल कशाला हवी. मी भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. लग्नाची नोंद सार्वजनिक आहे, ती कुणालाही मागता येते, कारण द्यावं लागत नाही, असं तिथे त्यांच्याच कार्यालयाने लिहून ठेवलंय. ते म्हणाले, बोर्ड जुना आहे. मी म्हटलं, लग्नही जुनंच आहे.

रांगेतले दोघे हसले. शिक्केवाले हसले नाहीत, पण त्यांनी अर्ज दिला.

आत्या, मला या माणसांचा राग येतो. दोन माणसं आपण होऊन चारचौघांत येतात, आम्ही एकमेकांचे आहोत हे जगाला कळावं म्हणून वहीत सह्या करतात. ती वही या लोकांनी कुलपात घालावी आणि वर आपल्यालाच विचारावं, तुम्ही कोण? मी हे तिथे बोलले नाही. बोलायचं त्राण नव्हतं. तुला लिहितेय.

कामाचं सांगते. संगणकावर फक्त गेल्या वीस वर्षांच्या नोंदी आहेत. त्याआधीच्या वह्या तळघरात, दर महिन्याची एक. एका अर्जावर एकच वही उघडतात आणि एका माणसाचा एका वेळी एकच अर्ज घेतात. उत्तराला पंधरा दिवस. मी तुम्हा दोघांची नावं, कार्यालय आणि ११ फेब्रुवारी असं लिहून दिलं. साक्षीदारांचा रकाना कोरा ठेवलाय. नावं आठवत असतील तर कळव.

बाबांना सांगितलं नाही. त्यांचे गुडघे फार दुखतात, दिवसभर खिडकीशी बसून असतात. बुधवारी उशीर का झाला विचारलं, मी म्हटलं काम होतं. खोटं नाही ते.

तुझी,
लिंबू

१९ सप्टेंबर

चि. लिंबूस,
अनेक आशीर्वाद.

शिक्केवाल्यांना दिलेलं उत्तर वाचून बरं वाटलं. जन्मली तेव्हा लिंबू चोखल्यासारखं तोंड करून आली होतीस, म्हणून मी तुझं हे नाव ठेवलं. ते वाया गेलं नाही.

साक्षीदारांपैकी एक यांच्या कारखान्याचा फोरमन, दुसरी माझ्या शेजारच्या बोर्डावर बसणारी मैत्रीण. दोघंही आता नाहीत. तिसरा कोण ते आठवत नाही. तीन होते एवढं पुरे.

इकडचं विशेष काही नाही. मी रोज चार ते पाच जाते. दारात एक वही असते, तीत येणाऱ्याचं नाव आणि रुग्णाशी नातं लिहायचं. पहिल्या दिवशी मी ‘पत्नी’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यावर रेघ मारून कुणीतरी ‘परिचित’ केलं होतं. मी पुन्हा ‘पत्नी’ लिहिलं. पुन्हा रेघ. असं नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी माझाच हात थांबला. आता मी नाव लिहिते आणि पुढचा रकाना सोडून देते, तो माझ्यामागून कुणीतरी भरतं.

आत गेल्यावर त्यांचा डावा हात हातात घेऊन बसते. काचा घासून घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा कधीच पुसल्या गेल्यात. तिथली मुलगी म्हणते, आजोबांना ओळखीचं कुणी आलं की बरं वाटतं. ओळखीचं. चांगली आहे ती मुलगी, तिचा काय दोष.

तुला घाई करत नाही. सवडीने बघ.

तुझी,
आत्या

२ ऑक्टोबर

प्रिय आत्या,
सा. न.

दोन ओळीच लिहिते. फेब्रुवारीची वही बांधणीला गेली आहे असं म्हणतात, वेळ लागेल. मी पाठपुरावा करतेच आहे. तू काळजी करू नकोस, जेवण वेळेवर घे.

बाबांना या आठवड्यात गुडघ्यात इंजेक्शन दिलं. माझ्यावर दोन माणसांचं काम आहे, एक मुलगी सोडून गेली. बाकी ठीक.

तुझी,
लिंबू

८ ऑक्टोबर

लिंबू,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. कान गेले असले तरी एकतीस वर्षांत एक गोष्ट शिकले, माणूस खरं बोलत नसला की त्याची वाक्यं लहान होतात. वही बांधणीला वगैरे गेलेली नाही.

त्याला कळलंय, हो ना? तुझ्या बाबांना. आणि त्याने तुला सांगितलंय की राहू दे, बघू, सवडीने कर. तो असंच करायचा. आई-वडील गेल्यावर त्यानेच मला वाढवलं, हे मी कधी विसरले नाही आणि त्यानेही मला विसरू दिलं नाही. मी तेवीस वर्षांची, माझ्या पायावर उभी, पगार माझा मी आणणारी. पण माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा, बायको गेलेला, एका मुलाचा बाप मी निवडला तेव्हा दादाने घरी आणलेलं नकाशे काढायचं ऑफिसचं काम खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाला, “मी उभा राहणार नाही.” पुन्हा नकाशा उचलून काम करायला लागला. ओरडला असता तर मी भांडले असते. त्याने मला भांडायलासुद्धा दिलं नाही.

आता उभा राहू नको म्हणावं, पण निदान आडवा येऊ नको.

मीही तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती, ती सांगून टाकते. घाई आहे. मुलगा यांना त्याच्या शहरातल्या शुश्रूषागृहात नेणार आहे. इथून दोन दिवसांचा प्रवास. तारीख ठरली आहे, ३१ ऑक्टोबर. तो वाईट नाही गं. चाळिशी ओलांडलीय, थकलेला दिसतो, दर महिन्याला एवढ्या लांबून येतो. मला म्हणाला, “माझं तुमच्याशी वैर नाही. पण लहानपणापासून मला आजोळी सांगितलंय की वडील एका बाईबरोबर राहतात. तुम्ही कागद दाखवा, मी गप्प बसतो.” त्याला खरोखरच माहीत नाही.

३१ नंतर मी इथे खोलीत बसणार आणि ते तिथे, बोलता न येणारे, कुणालाही माझं नाव सांगू न शकणारे.

आत्या

१५ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझा राग आला. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, मग लक्षात आलं की रागवायलासुद्धा आपल्याकडे दिवस उरलेले नाहीत.

बाबांना काहीही माहीत नाही. तू सांगू नकोस म्हणालीस, मी सांगितलं नाही. एका घरात राहून रोज त्यांच्यापासून लपवतेय. तुम्ही दोघं भावंडं चौतीस वर्षं एकमेकांशी बोलत नाही, आणि तुमच्या मधल्या जागेत मी उभी. कॉलेजात असल्यापासून तुला चोरून पत्रं लिहिते, चोरून दोनदा भेटायला आले. कुणी मला विचारलं का, लिंबू, तुझे पाय दुखले का?

वहीचं मात्र मी खोटं लिहिलं. वही बांधणीला गेलेली नव्हती. पंधराव्या दिवशी उत्तर आलं होतं आणि ते माझ्या पर्समध्ये पडून होतं. सोबत जोडलंय. ‘सदर महिन्याच्या वहीत नोंद आढळली नाही.’ खाली शिक्का. तुला हे कसं पाठवायचं ते मला सुचेना, म्हणून बांधणीचं सुचलं.

तुझं पत्र वाचून परवा पुन्हा गेले. शिक्केवाले म्हणाले, नोंद नाही म्हणजे लग्न झालं नाही, विषय संपला. मी म्हटलं, नोंद तुम्हाला सापडली नाही एवढंच या कागदावर आहे, लग्न झालं नाही असं लिहून सही करा. त्यांनी शिक्का खाली ठेवला. मग आतून तळघरातल्या वह्या सांभाळणारे म्हातारे बाहेर आले, पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि एकच विचारलं, “साक्षीदार सगळे त्याच दिवशी आले होते का?”

ते म्हणाले, लोकांचा इथेच घोटाळा होतो. नवरा-बायकोने सही केली तो दिवस लोक धरतात, त्याच दिवशी वर्षानुवर्षं गोडधोड करतात. पण पूर्वी या कार्यालयाची रीत अशी की तिसऱ्या साक्षीदाराची सही होईपर्यंत कागद सुटा राहायचा. साठ दिवसांची मुदत. ज्या दिवशी शेवटची सही, त्या दिवसाच्या तारखेला वहीत नोंद. आणि साठ दिवसांत सही झाली नाही तर कागद रद्द.

तू पहिल्या पत्रात लिहिलंस, सगळं त्याच दिवशी उरकलं. आत्या, खरंच?

लिंबू

१९ ऑक्टोबर

चि. लिंबूस,

नाही.

त्या दिवशी दोघंच आले होते. कार्यालयात मी एका बाकावर चार तास बसले, तिसऱ्यासाठी. दरवाजा उघडला की मान वर व्हायची. दादा येणार नाही हे तो सांगून चुकला होता, तरी वर व्हायची. माझ्या बाजूने रक्ताचं एक माणूस नव्हतं. रस्त्यावरच्या कुणालाही बोलवून सही घेता आली असती. यांचं तेच म्हणणं होतं, पण मी अडून बसले, माझ्या लग्नाला भाड्याचा साक्षीदार नको. मग कार्यालय बंद झालं.

दुसऱ्या दिवशी यांना इकडच्या कारखान्यात हजर व्हायचं होतं, म्हणून आलो. पुढे ते एकटेच तिकडे खेटे घालत होते. तीनदा गेले का चारदा, आठवत नाही. एक दिवस आले आणि म्हणाले, झालं काम. मी विचारलं, तिसरा कोण मिळाला? म्हणाले, एक सज्जन भेटले. मी पुढे विचारलं नाही. मला ऐकायचंच नव्हतं की माझ्या लग्नाला शेवटी रस्त्यावरचं माणूस उभं राहिलं. नंतर दाखला आला, तो मी उघडूनही पाहिला नाही, तसाच कारखान्यात दिला. तारीख पाहिली नाही, सही पाहिली नाही. एवढी मोठी बोलणारी मी, आणि स्वतःच्या लग्नाचा कागद मी वाचलेला नाही.

ते कधी गेले? मार्च असेल, किंवा एप्रिल. उकडायला लागलं होतं एवढं आठवतं. हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. दीड महिना माझ्या अहंकाराने खाल्ला. यांना विचारता आलं असतं तर. तरी आज विचारून पाहिलं. मार्च म्हणून हात दाबला, एप्रिल म्हणून दाबला. दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी तुझ्यावर नको ते बोलले. तुझे पाय दुखत असणार. माफ कर.

तुझी,
आत्या

२७ ऑक्टोबर

प्रिय आत्या,
सा. न.

नक्कल सोबत आहे. आधी ती बघ, मग पुढचं वाच. रजिस्टर पोस्टाने पाठवतेय, तीसपर्यंत पोचायला हवी.

आता झालं ते सांगते. तुझं पत्र बावीसला आलं. तातडीचा अर्ज केला तर तीन दिवसांत उत्तर देतात, पण वही एकच. मार्च सांगितला आणि नोंद एप्रिलमध्ये निघाली तर पुढच्या अर्जाला दिवस उरत नव्हते. तुझं पत्र हातात घेऊन मी स्वयंपाकघरात बसले होते. बाबा पाणी प्यायला आले. मला विचारलं, काय झालं. आत्या, मी थकले होते. मी पत्र त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी उभ्यानेच वाचलं. काठी कट्ट्याला टेकवली आणि दोन्ही हातांनी पत्र धरून वाचलं. ‘एका बाकावर चार तास बसले’ या ओळीशी ते थांबले. पुन्हा वाचलं. मग घडी घालून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, “एप्रिलची वही मागव. आठ तारीख.”

मला कळेना. मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत? ते पाणी प्यायले. पेला धुऊन जागेवर ठेवला. मग म्हणाले, “मी होतो.”

एवढंच. बाकीचं मला चार दिवसांत तुकड्यातुकड्याने काढावं लागलं. आतोबा चार वेळा आले होते. बाबांच्या ऑफिसच्या फाटकाबाहेर उभे राहायचे, आत यायचे नाहीत. तीन वेळा बाबा मागच्या दाराने निघून गेले. चौथ्यांदा दुपारच्या सुट्टीत समोर गेले. वाटलं, हा आता विनवण्या करेल, मग मी ऐकवेन. आतोबा एवढंच म्हणाले, “चार दिवस उरलेत. ती बाहेरचा साक्षीदार घेत नाही.” दोघं चालत कार्यालयात गेले, बाबांनी सही केली, आणि आतोबांकडून शब्द घेतला की हे तिला कधी सांगायचं नाही. मी विचारलं, का पण? तर म्हणाले, “उभा राहणार नाही म्हणालो होतो. तिला कळलं असतं तर जिंकल्यासारखं केलं असतं तिने.” मी म्हटलं, केलं असतं. तेही म्हणाले, केलं असतंच.

आत्या, आतोबांनी चौतीस वर्षं तो शब्द पाळला. आता बोलता येत नाही म्हणून नाही. येत होतं तेव्हाही पाळला. तू हात दाबून विचारलंस तेव्हाही.

तेवीसला अर्ज करायला बाबा माझ्याबरोबर आले. नको म्हटलं, गुडघ्यांचं कारण सांगितलं, तर काठी घेऊन दारात माझ्याआधी उभे. पाय बांधलेल्या खुर्चीवर बसले. आज नक्कल घ्यायला पुन्हा आले. शिक्केवाल्यांनी त्यांच्याकडे पाहून विचारलं, हे कोण, यांचा काय संबंध. मी बोलायला तोंड उघडलं, पण बाबा खुर्चीवरून उठले. सावकाश, काठीवर जोर देऊन. पूर्ण सरळ उभे राहिले तेव्हा म्हणाले, “मी या लग्नाचा साक्षीदार.”

शिक्केवाल्यांनी खिडकीशेजारचं दार उघडून आम्हाला आत घेतलं. म्हाताऱ्यांनी एप्रिलची वही आणून टेबलावर उघडली. तुझी सही घाईतली, आतोबांची तिरकी, फोरमनची वाचता न येणारी, तुझ्या मैत्रिणीची गोल. आणि शेवटची नकाशावरच्या अक्षरांसारखी, सगळी एका उंचीची, खाली बारीक रेघ. लहानपणापासून माझ्या प्रगतिपुस्तकावर मी ती सही पाहत आलेय. जगात कुठेही ओळखेन.

बाबांनी ती सही बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, शाई चांगली होती तेव्हा.

तुझी,
लिंबू

१२ नोव्हेंबर

दादा,

काय लिहू म्हणून आठ दिवस कागद समोर घेऊन बसले. तुला पत्र लिहायची सवय राहिलेली नाही. तुला तरी कुठे आहे म्हणा.

आधी हकीकत सांगते. तीस तारखेला पाकीट मिळालं. एकतीसला सकाळी गेले तेव्हा यांची पिशवी भरून दारात ठेवलेली होती. मुलगा आणि अधीक्षक बाई सह्यांचे कागद लावत होते. मी नक्कल टेबलावर ठेवली. बाई नुसता शिक्का बघून म्हणाल्या, ठीक आहे. मुलाने मात्र बसून सगळं वाचलं, नावं, वयं, तारीख, साक्षीदार. मग मला विचारलं, हे तिसरे कोण? मी म्हटलं, माझा भाऊ. तो म्हणाला, आजोळी सांगायचे की तुमच्या घरच्यांनीसुद्धा तोंड फिरवलं होतं. मी म्हटलं, मलाही कालपर्यंत तसंच वाटत होतं. त्याने पिशवी उचलली आणि यांना माझ्याबरोबर घरापर्यंत आणून सोडलं. परत जाताना दारात घुटमळला. काय हाक मारावी ते त्याला सुचलं नाही. मीही सुचवलं नाही. होईल हळूहळू.

त्या दिवशी निघताना दारातल्या वहीत शेवटची नोंद करायची होती. मी नातं लिहिलं. त्यावर रेघ मारायला कुणी आलं नाही.

आनंद झाला का, असं लिंबू विचारते. खरं सांगू का दादा, दमून गेले. जे सगळ्या जगासमोर एकदा सांगून झालं होतं, ते म्हातारपणी पुन्हा दारोदार सांगावं लागलं, याचा शीण अजून उतरलेला नाही. आणि त्याहून मोठा शीण असा की लिंबूच्या शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला, म्हणजे तुला, नुसतं विचारलं असतं, तर एका दिवसात काम झालं असतं. मी त्या पोरीला बजावलं होतं, बाबांना सांगू नकोस. तिला तळघरात पाठवलं, कारण तुझ्याकडे पाठवायची मला हिंमत नव्हती.

घरी आल्यावर यांना नक्कल वाचून दाखवली. साक्षीदारांची नावं एकेक करून वाचली. तुझ्या नावावर आले तशी यांनी डोळे मिटून घेतले, पकडलेल्या माणसासारखे. मी म्हटलं, उघडा डोळे, दादाने स्वतःच सांगितलंय, तुमचा शब्द मोडलेला नाही. तेव्हा उघडले. मग डावा हात कागदाकडे आला. बोट सरळ ठेवता येत नाही, तरी तुझ्या सहीवर ठेवून बसले. मी कागद काढायला गेले तर सोडेनात.

हिशेबाने बघता आम्ही छप्पन्न दिवस लग्नावाचूनच राहिलो. म्हणजे मुलाच्या आजोळचे लोक छप्पन्न दिवसांपुरते खरं बोलत होते. त्यांना हे सांगू नकोस.

तू म्हणालास म्हणे, तिने जिंकल्यासारखं केलं असतं. केलं असतं. तेव्हा मी चोवीसचीही नव्हते. त्या बाकावर चार तास मी तुझी वाट पाहिली आणि उठले तेव्हा ठरवलं, आता हा आला तरी मान वर करायची नाही. तू छप्पन्नाव्या दिवशी येऊन गेलास, आणि मी मान खाली घालून बसलेली, मला दिसलंच नाही. यात जिंकलं कोण ते तूच सांग.

यांच्या चाकांच्या खुर्चीसाठी मी वरची खोली सोडून तळमजल्यावर जागा घेतली आहे. खिडकीशी दोन खुर्च्या मावतात. बोलणारं कुणी नाही म्हणून संकोच करू नकोस, ह्यांना बोलता येत नाही, मला ऐकू येत नाही, आणि तू तर बोलतच नाहीस. लिंबूला मात्र विश्रांती मिळेल, तिला आधी बसव.

लग्नाचा दिवस आम्ही इतकी वर्षं फेब्रुवारीत धरत आलो. कागदावर तो एप्रिलमध्ये आहे, आठ तारखेला. येत्या वर्षापासून तोच धरू. त्या आधी आलास तरी चालेल. रस्त्यापासून दारापर्यंत दोनच पायऱ्या आहेत, आणि मुलाने त्यांवर फळी टाकून दिली आहे.

तुझी,
धाकटी